बंडाचा पैसा

तीन वर्षं मी त्या माणसाला गरम पोळ्या वाढल्या. दिवसाला बारा. लोक म्हणतात, सुगंधाच्या डोक्यात राग फार. आहेच. पण नुसता राग असता तर पहिल्याच दिवशी लाटणं त्याच्या टाळक्यात घातलं असतं आणि मोकळी झाले असते. मी थांबले. आमच्या घरात एवढं थांबणं कुणाला जमलं नव्हतं.

तो माणूस म्हणजे श्यामकांत बिवलकर. मुलुंड पूर्वेला ओनरशिपचा ब्लॉक, विमा कंपनीत मोठा साहेब, आणि नाद तांब्याची जुनी नाणी जमवायचा. त्यातही त्याला हवी असायची बंडाच्या काळातली. कंपनी सरकारविरुद्ध कुठे चार माणसं उठली, गडावर पाच-सहा महिने टिकली, तेवढ्यात त्यांनी आपला पैसा पाडला, असली. ती फार थोडी उरतात म्हणे, कारण बंड मोडलं की सरकार ती गोळा करून वितळवून टाकायचं. हे सगळं मी त्याच्याच तोंडून ऐकलंय, पोळ्या लाटता लाटता.

तसा एक पैसा आमच्या भावकीत होता, मालवणकडच्या गावी. आमचा कुणी खापरपणजोबा गडावर बंडवाल्यांबरोबर होता आणि पगार म्हणून त्याला हा पैसा मिळाला, असं आमच्यात सांगतात. खरंखोटं देव जाणे. एका बाजूला वाकडी कट्यार, दुसऱ्या बाजूला तीन टिंबं, कडेला एक खाच. दर दसऱ्याला तो चिंचेनं घासून लख्ख करायचा, देवापुढे ठेवायचा, मग लाल फडक्यात बांधायचा. घराण्यात लग्न ठरलं की पहिली पत्रिका देवाची. तिच्यावर हा पैसा ओल्या कुंकवात बुडवून ठसा उठवायचा. ठसा उठल्याशिवाय आमच्यात लग्नाची सुरुवातच होत नाही. आणि पैसा ज्याच्या घरी, त्याला गावात पहिला मान.

ऐंशी साली तो मान माझ्या बाबांकडे होता. गुणाजी त्यांचं नाव. परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला, राहायला घाटकोपरला डोंगराच्या कडेच्या चाळीत. माझी धाकटी बहीण शेवंती, तिचं लग्न वैशाखात ठरलं, म्हणून शिमग्याला गावी गेले तेव्हा पैसा बरोबर घेऊन आले. देवाच्या पत्रिकेवर ठसा उठवला आणि हौसेनं ती पत्रिका छापखान्याच्या माणिकला दाखवायला गेले. बघ रे माणिक, तुझ्या मशीनला असं जमेल का, म्हणून. बिवलकरची पत्रकं याच माणिककडे छापली जायची. माणिकनं त्याला सांगितलं आणि आमची वाट लागली.

मी तेव्हा लग्न होऊन नाहूरला राहत होते, त्यामुळे तो आला तेव्हा मी नव्हते. बाबांनीच मला सगळं सांगितलं, कौतुकानं. साहेब पेढे घेऊन आला, खुर्ची दिली तरी खाली बसला, उठताना बाबांच्या पाया पडला. म्हणाला, "काका, पैसा एक दिवस द्या. कागदावर उतरवून घेतो आणि उद्या माझ्या हातानं आणून देतो." दुसऱ्या दिवशी खरंच आला. लाल फडक्याची पुडी दोन्ही हातांनी बाबांच्या ओंजळीत ठेवली. बाबांनी ती सोडून बघितली नाही.

मी नंतर त्यांना त्यावरून खूप बोलले. त्यांचं एकच, "एवढो मोठो माणूस हात जोडून परत देता, आणि त्याच्या तोंडार फडका सोडून बघू? त्येका चोर म्हटल्यासारखाच झाला ता." आणि एकदा फडकं बांधलं की दसऱ्यापर्यंत सोडत नाहीत, ही आमची रीत. शेवंतीचा ठसा आधीच उठला होता. पुडी सहा महिने देव्हाऱ्यात पडून राहिली. रोज तिला हळदकुंकू लागत होतं.

दसऱ्याला गावी सगळ्या भावकीसमोर बाबांनी फडकं सोडलं. आत शिवराई. जुनीच, पण झिजून गुळगुळीत, कुठल्याही जुन्या घरातल्या डब्यात सापडते तसली. ना कट्यार, ना टिंबं. बाबांनी ती उलटीपालटी करून बघितली. काशीरामकाका, बाबांचे सख्खे चुलत भाऊ, आमच्या गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष, तेच पहिले बोलले. "गुणाजीन पैसो विकलो. चेडवाचा लग्न करूक." बाकीच्यांना तेवढंच पुरलं.

बाबा मुलुंडला गेले. बिवलकर दारातच उभा राहिला. "काका, जो नेला तोच परत दिला. गिरणीत नजर गेली असेल तुमची, दाखवून घ्या." आणि दार लावलं. पेढे घेऊन येणारा माणूस हाच.

मंडळाची बैठक घाटकोपरलाच एका खोलीत भरते. तिथे बाबांचं नाव यादीतून काढलं. ज्यांना हे माहीत नाही त्यांना सांगते, कोकणातल्या माणसाला मुंबईत मंडळ म्हणजे काय. कुणी गेलं की मंडळ धावतं. बांबू, मडकं, खांदेकरी, गावाला तार, घरच्यांनी नुसतं रडायचं. ब्याऐंशीत संप लागला, गिरणीला कुलूप पडलं, आणि बाबा घरात बसून खंगत गेले. त्याच गणपतीनंतर गेले. मंडळाचा एक माणूस आला नाही. काशीरामकाका तीन चाळी पलीकडे राहतात, त्यांनी खिडकी लावून घेतली. माझा नवरा दशरथ, शेवंतीचा नवरा, शेजारचा एक मद्रासी कारागीर, आणि चौथा खांदा भाजीच्या गाडीवाल्यानं दिला. त्याला बाबांचं नाव ठाऊक नव्हतं. तो मला विचारत होता, बाई, राम म्हणू की आणखी काही. तेव्हाच मी ठरवलं. रडले नाही मी. अजूनही त्या दिवसाचं रडू आलेलं नाही मला.

बिवलकरच्या बिल्डिंगचा वॉचमन आमच्या ओळखीतला निघाला. चौऱ्याऐंशीत त्यांची पोळीवाली गावाला गेली, मी तिच्या जागी लागले. नवऱ्याचं आडनाव सांगितलं. बिवलकरनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पोळ्या करणारीचा चेहरा कोण बघतो? त्याची बायको मृणालिनीवहिनी, शाळेत शिक्षिका, कमी बोलणारी. तिच्याशी माझं वाकडं नव्हतं. उरलेली पोळी कधी तिनं मोजली नाही.

दर रविवारी आंघोळ झाली की साहेब कपाट उघडायचा. सागवानी कपाट, त्यात चपटे खण, खणात मखमल, मखमलीवर नाणी. कडेला धरून उचलायचा, बोट मध्ये लागू द्यायचा नाही. मऊ ब्रशनं धूळ झटकायचा. एकदा वहिनींनी सहज विचारलं, एवढी काळी झालीत, घासून ठेवू का? तो असा ओरडला की मी लाटणं खाली ठेवलं. मग समजावायला लागला. शंभर-दीडशे वर्षांत तांब्यावर जो काळा-हिरवा थर चढतो, तोच त्याचा जीव. तो गेला की नाणं भंगाराचं. "घासलं की मेलं," म्हणाला. मला त्या दिवशी शाळेत गेल्यासारखं वाटलं. चांगलं शिकवलंन.

आमचा पैसा मला दिसला तो दोन वर्षांनी. कुणी चंद्रप्रकाश नावाचा, असाच नाण्यांचा वेडा, साहेबाकडे चहाला आला होता. मी चहा घेऊन बाहेर गेले तर साहेबाच्या तळहातावर वाकडी कट्यार. साहेब सांगत होता, "एका अडाणी गिरणीकामगाराच्या देव्हाऱ्यात सापडला. घासघासून ठेवलेला, पण असा दुसरा कुठे नाही. बदल्यात एक शिवराई बांधून दिली. म्हाताऱ्याला फरकही कळला नाही." दोघं हसले. चंद्रप्रकाश म्हणाला, झकास. मी चहा ठेवला, आत आले आणि पोळी तव्यावर टाकली. ती करपली. तीन वर्षांत तेवढी एकच.

दशरथ म्हणाला, उचलून आण, आपलाच आहे. मी म्हटलं, डोकं आहे का तुला? पैसा आणला तर भावकी काय म्हणेल? बापानं विकला, पोरीनं परत मिळवला. बाबा चोरच राहिले. मला नुसता पैसा नको होता. बाबा चोर नव्हते हे त्या माणसाच्या हातचं लिहिलेलं हवं होतं, आणि ते तो सहजासहजी देणार नव्हता. म्हणून आणखी एक वर्ष.

सत्त्याऐंशीच्या नवरात्राआधी त्यानं मोठा घाट घातला. मुलुंडच्या एका सभागृहात त्याच्या नाण्यांचं प्रदर्शन भरणार होतं, पाहुणे, हारतुरे, पुस्तक, सगळं. रविवारी सकाळी त्यानं एकूण एक नाणी काढून डायनिंग टेबलावर पांढऱ्या कागदावर मांडली, दोनशे चौदा. प्रत्येकापुढे चिठ्ठी. आमचा पैसा मधोमध, वेगळ्या डबीत. आणि त्याच सकाळी वहिनींनी मला सांगितलं, "सुगंधा, घट बसणार, तांब्या-पितळेचं सगळं चिंचेनं घासून ठेव हं." मी म्हटलं, ठेवते.

साहेब आंघोळीला गेला. मी मोठ्या पातेल्यात चिंचेचा कोळ गरम केला, मूठभर मीठ घातलं, पातेलं टेबलावर आणून ठेवलं. मग कागदाची चार टोकं धरून सगळी नाणी परातीत ओतली. फार मोठा आवाज झाला. डबी तेवढी आधीच बाजूला काढून ठेवली होती. बाथरूमचं दार उघडलं आणि तो पंचा गुंडाळून, अंगावर पाणी तसंच, धावत बाहेर आला.

"काय करतेस? ए, काय करतेस तू?"

"तांबं घासतेय. वहिनींनी सांगितलंय."

तो पुढे आला तशी मी परात पातेल्यावर तिरकी धरली. तो जागच्या जागी थांबला.

"मी सुगंधा. घाटकोपरच्या गुणाजींची थोरली मुलगी," मी म्हटलं. "पेढे आणले होतेत तुम्ही आमच्याकडे. आठवतंय?"

त्याला आठवलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझं तोंड नीट बघितलं. पाया पडला होता तेवढं विसरला असेल, बाकी सगळं आठवत होतं त्याला.

"पोलिसात देईन तुला."

"द्या ना. काय सांगाल? पोळीवालीनं तांबं घासलं?" मी परातीतलं एक नाणं चिमट्यात धरून कोळात बुडवलं आणि बाहेर काढून पदरानं चोळलं. गुलाबी लख्ख. तो कण्हला. पण बाबा कण्हायचे ते मी दोन वर्षं ऐकलं होतं. "लिहा," मी म्हटलं. "गुणाजींकडून मी पैसा नेला, बदलून दुसरा दिला, त्यांना फसवलं, त्यांनी तो विकला नव्हता. खाली सही. लिहिलंत तर ही परात तुमच्या हातात देते."

"शब्द?"

"शब्द."

आवाज ऐकून वहिनी आतून आल्या. त्यांनी एकदा परातीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. तो लिहायला बसला. पंचा भिजलेला, पण अक्षर सुरेख. लिहून झालं तसा कागद वहिनींनी उचलला आणि उभ्या उभ्या वाचला. मला वाटलं, फाडतात आता. त्यांनी तो परत त्याच्यापुढे ठेवला. "तारीख घाला," म्हणाल्या. मग साक्षीदार म्हणून स्वतःची सही केली, माझ्या हातात कागद दिला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

कागद मी ब्लाऊजमध्ये ठेवला. डबीतला आमचा पैसा काढून घेतला. सात वर्षांत त्याच्यावरही काळं चढलं होतं. साहेबानं दोन्ही हात पुढे केले, परातीसाठी, अगदी बाबांनी केले असतील तसे.

"दिलेला शब्द," तो म्हणाला.

"बाबांनीही तुमच्या शब्दावर पुडी सोडून बघितली नव्हती," मी म्हटलं, आणि अख्खी परात कोळात उपडी केली.

वाईट वाटलं का? सगळे हेच विचारतात. नाही वाटलं. खोटं कशाला बोलू? तो कढत कोळात हात घालून नाणी काढायला लागला, हात भाजले त्याचे. जितकी काढली तितकी चमकत होती. मी चपला घातल्या. त्या महिन्याचा पगार अजून माझा त्यांच्याकडे आहे, तो मी मागायला जाणार नाही. प्रदर्शन काही झालं नाही, एवढं वॉचमनकडून कळलं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मंडळाची बैठक होती. खोलीत पस्तीस-चाळीस पुरुष, मी एकटी बाई. कागद काशीरामकाकांपुढे ठेवला आणि म्हटलं, मोठ्यानं वाचा. त्यांनी चष्मा लावला. दोन ओळी वाचल्या आणि आवाज खाली गेला. मी म्हटलं, शेवटपर्यंत. वाचलं त्यांनी. संपल्यावर कुणी कुणाकडे बघेना. मी पैसा काढून सगळ्यांना दाखवला. कट्यार, टिंबं, खाच. म्हाताऱ्या लवूकाकांनी तर हातच जोडले त्याला.

काशीरामकाकांनी घसा साफ केला. "झाला ता झाला. गुणाजीचा नाव परत यादीत घालूया. दी तो पैसो हय, चेडवा."

झालं ते झालं. ऐकलंत ना? बाबांचं नाव पुन्हा यादीत, वहीतली एक ओळ, आणि पैसा द्या. मला वाटत होतं माझा राग मुलुंडला पातेल्यात संपला. छे. खरा राग इथे बसला होता, सतरंजीवर. बिवलकर परका होता, त्यानं लुबाडलं. ह्यांच्या मांडीला मांडी लावून बाबा पन्नास वर्षं जेवले होते, आणि ह्यांनी एका शब्दानं विचारलं नाही की गुणाजी, काय झालं रे?

"नाही देणार," मी म्हटलं.

"लग्न झालेली पोर तू. दुसऱ्या गोताची. पैसो भावकीचो," काका म्हणाले.

"सात वर्षं तुम्हीच सांगत फिरलात की पैसा गुणाजीनं नेला. मग आता तो गुणाजीच्याच मुलीच्या घरी राहील. ज्याला लग्नाचा ठसा हवा त्यानं नाहूरला यायचं. बाबांच्या फोटोसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, गुणाजी, तू चोर नव्हतास, आम्ही तुला खांदा दिला नाही. एवढं म्हटलं की ठसा फुकट."

"आणि नाय म्हटला तर?"

"तर सात वर्षं केलीत तशीच लग्नं बिनठशाची करा."

खूप बोंबाबोंब झाली. कुणी म्हणालं पोलिसात जाऊ, कुणी म्हणालं बाईमाणसाला तोंड लावू नका. मी पैसा पदरात बांधला आणि निघाले. दाराशी कुणी अडवलं नाही.

महिनाभर कुणी आलं नाही. मग लवूकाका आले, नातवाचं ठरलं होतं. आल्या आल्या फोटोसमोर म्हणून टाकलं आणि लहान मुलासारखे रडले. त्यांना मी जेवू घालूनच पाठवलं. त्यांच्यामागून आणखी दोघं आले. दशरथ म्हणायला लागला, पुरे आता सुगंधा, मिळालं ना तुला. मी म्हटलं, अजून नाही.

आज सकाळी काशीरामकाका आले. त्यांच्या नातीचं, अनुपमाचं, माघात आहे. पत्रिका पिशवीत होती, पिशवी छातीशी धरलेली. एकटेच आले होते, मंडळातलं कुणी बरोबर नव्हतं. जिना चढून दम लागला होता. मी बसा म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही. दशरथ मोरीतून तांब्या भरून घेऊन आला, मी त्याच्याकडे बघितलं, तो तांब्या घेऊन मागे फिरला.

काका फोटोसमोर उभे राहिले. बाबा त्यांच्यापेक्षा दीड वर्षानं लहान. दोघं एका बोटीतून मुंबईला आलेले, एका खोलीत राहिलेले, एका ताटात जेवलेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसतही नव्हते. ओठ हलले. काहीतरी पुटपुटले आणि सुटल्यासारखे माझ्याकडे वळून त्यांनी पत्रिका पुढे केली.

मी हात पुढे केला नाही.

"ऐकू नाही आलं, काका," मी म्हटलं. "परत बोला. खालच्या घरांतही जाऊ दे."